चाळिशीनंतर पिस्तूल शूटिंग शिकताय? आधी चष्म्याची काच, मग साइट

२०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ आणलं, मग सरबजोतबरोबर मिक्स्ड टीममध्ये अजून एक आणलं, तेव्हापासून इंदूरच्या रेंजांवर पोरांची गर्दी आहेच, पण त्यांना सोडायला येणारे बाबा, काका, आजोबा पण आता नुसते बाकावर बसत नाहीत, "आम्हाला पण जमेल का हो?" विचारतात. जमतं, अगदी छान जमतं. या खेळात पळायचं नसतं, स्थिर उभं राहायचं असतं, आणि साठीतली माणसं त्यात तरुण पोरांपेक्षा कधीकधी जास्त शांत असतात. शिवाय आपल्या शेजारी महूला आर्मीचं मार्क्समनशिप युनिट आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सिल्व्हर आणणारे विजय कुमार तिथलेच, त्यामुळे आपल्या भागात या खेळाबद्दल बोलणारी, सांगणारी माणसं भेटतात.

अडचण येते ती डोळ्यांची. चाळिशी लागलेला माणूस पिस्तूल उचलतो, हात लांब करतो आणि म्हणतो पुढची साइट (नेम धरायला नळीवर असते ती खूण) धूसर दिसतेय, दोन-दोन दिसतेय. मग कोणीतरी सल्ला देतं की साइट बदला, मोठी लावा, रंगीत लावा, आणि तो बिचारा पैसे घालत बसतो. माझं सांगणं एवढंच की साइट सगळ्यात शेवटी बदला. आधी डोळ्यासमोरची काच, मग उजेड, मग साइटची रुंदी. हा क्रम धरला तर निम्म्या लोकांना साइट बदलायची गरजच पडत नाही.

आधी समजून घ्या की नेमकं काय स्पष्ट दिसायला हवं

पिस्तूल धरल्यावर डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात. मागची साइट, म्हणजे खाचवाली रिअर साइट, डोळ्यापासून साधारण ६०-६५ सेंटिमीटरवर. पुढची फ्रंट साइट जवळपास एक मीटरवर. आणि टारगेट १० मीटरवर. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कुठल्याच डोळ्याला स्पष्ट दिसत नाहीत, विशीतल्या पोराला पण नाही. त्याच्या डोळ्यातली नैसर्गिक लेन्स लवचीक असते म्हणून तो पटापट फोकस बदलतो आणि त्याला वाटतं सगळं दिसतंय. आपल्या वयात ती लेन्स कडक होत जाते, फोकस बदलायची ताकद कमी होते, साठीपर्यंत ती जवळपास संपतेच. मग निवड करावी लागते, आणि ती निवड कायम एकच: फ्रंट साइट.

का ते हिशोबाने बघा, कारण हे पटल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही. एअर पिस्तूलच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर असतं. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध न राहता नुसती अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकली तर १० मीटरवर छर्रा साधारण १५ मिलिमीटर सरकतो. टारगेटवरचं दहाचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं. म्हणजे दहा गेला, नऊ मिळाला आणि तोही काठावरचा. याउलट साइट एकमेकांशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर हलला तर छर्रा पण ५ मिलिमीटरच हलतो, दहा शाबूत राहू शकतो. म्हणून टारगेट धूसर दिसलं तरी चालतं, गोल काळा ढग दिसला तरी चालतं, पण फ्रंट साइटची वरची कड आणि दोन्ही बाजूच्या कडा लख्ख दिसल्या पाहिजेत.

पहिलं काम: डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा

दुकानातल्या मशीनवर नंबर काढून भागवू नका. वर्षभरात तपासणी झाली नसेल तर नीट करून घ्या, मोतीबिंदूची सुरुवात आहे का, डोळ्यातलं प्रेशर किती आहे, पडदा कसा आहे, सगळं. शुगर असलेल्यांनी विशेष लक्ष द्या, शुगर वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबर पण हलतो, तेव्हा शुगर कंट्रोलमध्ये असताना नंबर काढा नाहीतर महिन्याभरात नवी काच फुकट जाईल. आपल्याला हवाय तो लांबचा ताजा नंबर, सिलेंडर (डोळ्याची गोलाई असमान असेल तर लागणारा नंबर) आणि त्याच्या कोनासकट, म्हणजे अॅक्सिससकट. जवळचा, वाचायचा नंबर इथे कामाचा नाही.

रोजचा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून शूटिंग करू नका हे पण इथेच सांगतो. वाचायचा भाग ४० सेंटिमीटरसाठी असतो, फ्रंट साइट त्याच्या दुपटीहून जास्त लांब असते, म्हणून त्यातून ती धूसरच दिसणार. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराची पट्टी असते खरी, पण ती काचेत खाली असते आणि अरुंद असते, तिच्यातून बघायचं तर हनुवटी वर करावी लागते, मान अवघडते, आणि दर शॉटला डोकं थोडं वेगळ्या जागी जातं. साठ शॉटची मॅच असते, सव्वा तास चालते, त्यात मानेचा पार भुगा होतो.

दुसरं: दोरीने अंतर मोजा

घरी करा. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, छर्रा नाही, बोल्ट उघडा, तोंड सुरक्षित दिशेला. आपल्या नेहमीच्या पोझिशनमध्ये उभे राहा, हात पूर्ण लांब, आणि घरातल्या कोणाला तरी शेजारी उभं राहून तुमच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटपर्यंत दोरी ताणायला सांगा. ती तेवढी कापा. उंच माणसाचं अंतर मीटरच्या वर जाईल, बुटक्याचं ९० सेंटिमीटरच्या आसपास येईल. या फरकानेच एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही.

मग एका पांढऱ्या कार्डबोर्डच्या तुकड्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोनी तुकडा चिकटवा, ४-५ मिलिमीटर रुंद, कडा ब्लेडने सरळ कापलेल्या. ही तुमची खोटी फ्रंट साइट. चष्म्याच्या दुकानात हे कार्ड आणि दोरी घेऊन जा. पिस्तूल घेऊन जाऊ नका, कृपा करून. राजवाड्याच्या गर्दीत एअर पिस्तूल आणि खरं पिस्तूल यातला फरक कोणाला कळत नाही.

तिसरं: ट्रायल फ्रेममध्ये काच ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुपारची दुकान रिकामं असतानाची वेळ गाठा, दुकानदाराला आधीच सांगा की दादा अर्धा तास लागेल.

ट्रायल फ्रेममध्ये (काचा बदलून नंबर बघायची दुकानातली फ्रेम) तुमचा लांबचा पूर्ण नंबर घालायचा, सिलेंडरसकट. कार्ड दोरीच्या अंतरावर कोणीतरी धरायचं, आणि त्याच्या मागे दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, जमेल तितकं लांब, काहीतरी काळं गोल असलेलं बघायचं, अक्षरांचा तक्ता पण चालेल. आता लांबच्या नंबरात +०.५० मिळवायचा. बघा. मग +०.७५. बघा. मग +१.००. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: काळ्या पट्टीची वरची कड धारदार दिसते का? अक्षरं वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, ती कुठे आहेत ते कळलं की पुरे.

बहुतेकांचं उत्तर +०.५० आणि +०.७५ यांच्यात येतं. याचं कारण सोपं आहे. एक मीटरवर पूर्ण फोकस हवा तर +१.०० लागतो, लांब बघायला शून्य, आणि मधली काच घेतली की साइट जवळजवळ धारदार राहते आणि टारगेट पण अगदीच विरघळत नाही. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या माणसाची स्वतःची थोडी ताकद शिल्लक असते, त्याला +०.५० पुरतो. साठीपुढे +०.७५, काहींना +१.०० सुद्धा. पण +१.०० मध्ये साइट इतकी सुंदर दिसते की माणूस मोहात पडतो, आणि रेंजवर गेल्यावर टारगेटचा गोळा इतका फुटलेला दिसतो की त्याचा मध्य सापडत नाही. दोन नंबरांत अडकलात तर कमीचा घ्या.

हिशोब चुकू नये म्हणून उदाहरण देतो. लांबचा नंबर -२.०० असेल आणि +०.७५ मिळवायचा असेल तर शूटिंगची काच -१.२५. लांबचा +१.०० असेल तर +१.७५. लांबचा नंबर नसेलच तर नुसता +०.७५. दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या, आणि फक्त निशाणा लावणाऱ्या डोळ्यासाठी.

अजून एक गोष्ट तिथेच तपासा. काच पक्की झाली की कार्ड ९० अंशात फिरवा, उभी पट्टी आडवी करा. उभ्याने कडा धारदार आणि आडव्याने धूसर, असं झालं तर सिलेंडरचा नंबर किंवा अॅक्सिस पूर्ण जुळलेला नाही. दुकानदार म्हणेल अर्ध्या नंबराचा सिलेंडर सोडून द्या, रोजच्या वापराला ते ठीक आहे. इथे सोडू नका. साइटच्या बाजू उभ्या आणि माथा आडवा असतो, दोन्ही सारखे दिसले पाहिजेत.

चौथं: काच डोळ्यासमोर योग्य जागी यायला हवी

पिस्तूलवाला टारगेटकडे आडवा उभा राहतो आणि मान वळवून बघतो, त्यामुळे साध्या चष्म्यात नजर काचेच्या मध्यातून न जाता एका बाजूच्या कोपऱ्यातून जाते, आणि तिथे काच बरोबर नंबर देत नाही. नंबर बरोबर असूनही साइट धूसर दिसणाऱ्या बऱ्याच लोकांचं दुखणं हेच असतं.

यावर पक्का उपाय म्हणजे शूटिंगची फ्रेम, चॅम्पियन, नॉब्लॉक वगैरे कंपन्यांची, ज्यात एकच गोल काच दांड्यावर असते आणि ती फिरवून नजरेच्या काटकोनात आणता येते. महाग आहे, बाहेरून येते. सुरुवातीला एवढा खर्च नको. जुन्या पद्धतीची मोठ्या काचांची साधी फ्रेम घ्या, ती घालून पोझिशनमध्ये उभे राहा, औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा घ्या, त्याला जाड सुईने भोक पाडा, आणि काचेवर सरकवत सरकवत अशा जागी चिकटवा की भोकातून फ्रंट साइट बरोबर दिसेल. ती जागा मार्करने खूण करून दुकानदाराला द्या, काचेचा ऑप्टिकल सेंटर, म्हणजे नंबर बरोबर देणारा मध्य, तिथे आणायला सांगा. काच पॉलीकार्बोनेटची घ्या, साध्या काचेची अजिबात नको, छर्रा उलट उडून येऊ शकतो. शूटिंगचा चष्मा बनतोय तोवर ही खुणेची फ्रेम जपून ठेवा.

ही चिकटपट्टी करताना तुमच्या लक्षात येईल की भोकातून सगळंच जास्त स्पष्ट दिसतं. लहान भोकाचा तो गुण आहे. शूटिंग फ्रेमवर आयरिस लावतात ते याचसाठी, त्याचं भोक कमीजास्त करता येतं. साधारण एक ते दीड मिलिमीटर ठीक. त्याहून बारीक केलं की उजेड इतका कमी होतो की डोळ्याला उलटा त्रास, आणि कडा पुन्हा मऊ पडायला लागतात. पावसाळ्यात ढगाळ दुपारी ते भोक थोडं मोठं करावंच लागतं.

दुसरा डोळा मिटू नका. एक डोळा गच्च मिटला की दुसऱ्याच्या पापणीवर पण ताण येतो आणि दहा शॉटमध्ये पाणी यायला लागतं. त्याच्यासमोर दुधी टेप लावा किंवा ब्लाइंडर (डोळ्यासमोरचा छोटा आडोसा) लावा, जास्तीत जास्त ३० मिलिमीटर रुंद, नियमात तेवढंच बसतं. काळा नको, पांढरट हवा, म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखा उजेड मिळतो.

आता साइट

एवढं सगळं करून, त्याच चष्म्याने रेंजवर दोन-तीन आठवडे नेमबाजी करून झाली की मगच साइटकडे वळा.

मॅचसाठी नियम स्पष्ट आहे: उघड्या साइट, बस्स. दुर्बीण नाही, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) नाही, लेझर नाही, पिस्तूलवर भिंग नाही. नंबरची काच माणसाने घालायची, पिस्तूलने नाही. वयस्कांसाठी वेगळे गट असतात पण साइटची सूट तिथेही नसते, म्हणून स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून साध्या काळ्या साइटवरच शिका.

फ्रंट साइट किती रुंद? टारगेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आहे, तो १० मीटरवरून एक मीटरवरच्या ६ मिलिमीटरएवढा दिसतो. म्हणून ४.५ ते ५ मिलिमीटरची फ्रंट साइट काळ्या गोलापेक्षा थोडीच बारीक दिसते, आणि आपल्या वयाच्या डोळ्याला तीच सोयीची. तरुण पोरं ४ ची घेतात. त्यांचं बघून घेऊ नका.

खरा खेळ रिअर साइटच्या खाचेत आहे. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना खाचेत ज्या उजेडाच्या फटी दिसतात, त्या आपल्याला जास्त रुंद लागतात. अरुंद फट धूसर नजरेला काळ्यात मिसळून जाते, मग डावी उजवी सारखी आहे की नाही हे कळतच नाही. प्रत्येक फट फ्रंट साइटच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवा. चांगल्या मॅच पिस्तूलवर खाच स्क्रूने रुंद-अरुंद होते, दर वेळी थोडीच फिरवा आणि दहा-दहा शॉटचे ग्रुप (कागदावर जवळजवळ पडलेली भोकं) मारून बघा. खूप रुंद झाली की फ्रंट साइट खाचेत भटकायला लागते, ते ग्रुप आडवा पसरल्यावर कळतं.

नेम गोलाच्या मध्यावर धरू नका. काळ्यावर काळी साइट दिसणारच नाही. गोलाच्या खाली पांढऱ्यात धरा, मध्ये पांढरी पट्टी ठेवून, आणि रिअर साइट स्क्रूने क्लिक-क्लिक करत तशी सरकवून घ्या की छर्रा दहात जाईल. साइटला अगदी गोलाच्या काठाला टेकवायची सवय असलेले लोक म्हातारपणी फार चाचपडतात, कारण धूसर काठ रोज वेगळ्या जागी वाटतो. रुंद पांढरी पट्टी असली की डोळा निवांत साइटवर राहतो.

साइट घासून चकाकायला लागली तर वरच्या उजेडात तिचा माथा पांढरा दिसतो आणि छर्रे खाली-वर जातात. त्याला जुना उपाय आहे, कापराची काजळी. फ्रंट साइटचा छोटा तुकडा अॅलन कीने काढून घ्या (पिस्तूलवर असताना अजिबात नाही, हवेचा सिलेंडर आणि ज्योत एकत्र आणायची नाही), चिमट्यात धरा, देवघरातल्या कापराची वडी पेटवून ज्योतीच्या टोकाच्या वर फिरवा. काही सेकंदांत मखमली काळा थर बसतो, असा काळा की त्यावर उजेड थांबतच नाही. बोट लागलं की जातो, पण परत करायला किती वेळ लागतो.

फायबरच्या हिरव्या-लाल ठिपक्यांच्या साइट स्वस्त एअर पिस्तूलवर येतात. डबे-बाटल्यांवर मारायला मजेच्या आहेत, पटकन दिसतात. कागदावर मात्र तो ठिपका चमकून साइटचा माथाच झाकतो, आणि उजेड ज्या बाजूने येतो तसा नेम सरकतो. तीन पांढरे ठिपकेवाल्या पण नकोत, धूसर नजरेला तीन गोळे दिसतात.

रेड डॉट हा फक्त घरच्या हौसेचा प्रकार. त्यात एकाच अंतरावर बघायचं असतं, टारगेटवर, म्हणून लांबच्या नंबराचा चष्मा पुरतो आणि वयस्क डोळ्याला खरंच आराम पडतो. ठिपका गोल न दिसता चांदणीसारखा फुटलेला दिसला तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, तिथे गोल असेल तर दोष डॉटचा नाही, तुमच्या सिलेंडर नंबरचा आहे. ज्यांच्याकडे लायसन्सचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी दोरीचं माप त्याच्यावर वेगळं घ्यावं, साइट जवळ असते म्हणून नंबर थोडा वाढतो, आणि साइटचं कुठलंही काम लायसन्सवाल्या कारागिराकडूनच करून घ्यावं. एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, ओळखपत्र द्यावं लागतं.

उजेड

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. म्हणून उजेड वाढवा, आणि नुसता टारगेटवर नाही. मॅचच्या नियमात टारगेटवर किमान १५०० लक्स असतो, पण घरच्या गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करताना लोक टारगेटवर एलईडी लावतात आणि स्वतः अंधारात उभे राहतात. त्याने बाहुली मोठी होते आणि फोकस अजून नाजूक होतो. स्वतःच्या डोक्यावर पण एक ट्यूबलाइट हवी, थोडी मागे, म्हणजे डोळ्यात येणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी उघड्या रेंजवर पांढरा कागद डोळ्याला बोचतो, तेव्हा टोपीची कड खाली आणि फिक्या राखी रंगाचं फिल्टर. ढगाळ असेल तर फिकं पिवळं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर

हे ऑपरेशनच्या आधी वाचा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी पिस्तूल शूटिंग करतो, या डोळ्याने नेम धरतो, आणि साइट एक मीटरवर असते, ती दोरी दाखवाच. डोळ्यात कुठली लेन्स घालायची हा निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा मिळून आहे. मल्टिफोकल लेन्सने चष्मा सुटतो खरा, पण तिच्यात कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो, दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि काळी साइट पांढऱ्या कागदावर ओळखायचं काम सगळं कॉन्ट्रास्टवरच चालतं. बरेच नेमबाज साधी मोनोफोकल (एकाच अंतरावर फोकस असलेली) घेऊन वरून शूटिंगचा चष्मा लावणं पसंत करतात, मलाही तेच योग्य वाटतं.

ऑपरेशननंतर नंबर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवी काच बनवू नका आणि रेंजवर पण जाऊ नका. परवानगी मिळाली की कार्ड आणि दोरी घेऊन पुन्हा ट्रायल फ्रेमला बसा, आणि कुठला डोळा आता जोरदार आहे ते पण तपासा, कारण साफ झालेला डोळा नेम आपल्याकडे ओढू शकतो. पिस्तूलच्या क्लिक जुन्या काचेवर लावलेल्या असतात, त्या आधी वहीत लिहून ठेवा. मग पहिले काही ग्रुप काळा गोल नसलेल्या कोऱ्या कागदावर मारा, नजर फक्त फ्रंट साइटच्या माथ्यावर ठेवून, आणि ग्रुप आवळला की मगच रिअर साइटच्या स्क्रूला हात लावा.